धारिणीचा न बोललेला राग

रामटेक आणि कालिदास म्हटले की आठवतो तो ‘मेघदूता’तला यक्ष. रामगिरी म्हणजे रामटेक हे मत वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आणि आपल्याकडे रुजले. पण विदर्भाची राजकन्या ज्याची नायिका आहे, त्या ‘मालविकाग्निमित्रा’कडे आपले लक्ष क्वचितच जाते. वसंतोत्सवात खेळायची ही प्रेमकथा. शेवटही सणाला शोभणारा: पट्टराणी धारिणी स्वतःच मालविकेला राजाच्या स्वाधीन करते. या औदार्याचे कौतुक होत आले आहे. मला तिथे औदार्यापेक्षा गिळलेला राग अधिक दिसतो.

धाकटी राणी इरावती राजाला अशोकापाशी पकडते आणि कमरपट्टा उगारते. धारिणी तसे करत नाही. नृत्याचार्यांचा सामना हा मालविकेला पाहण्याचा डाव आहे हे ती ओळखते, एक टोमणा मारते आणि गप्प बसते. पुढे मालविकेला तळघरात कोंडते, तेव्हाही नवऱ्याशी भांडत नाही. आपली नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय तिला सोडू नये, एवढाच हुकूम देते.

मग ती मालविकेला देते केव्हा? अशोक पाच रात्रींत फुलला तर तुझी इच्छा पुरवीन, असा शब्द ती देऊन बसली आहे. मालविकेचे कुळ उघड झाले आहे. त्यातच मुलगा वसुमित्र याने सिंधुतीरी यवनांना हरवल्याचे पत्र येते. नकाराला जागा उरत नाही. मात्र विजयी मुलाच्या आईचे स्थानही आता कोणी हलवू शकत नाही. मालविकेचे कुळ लपवल्याबद्दल ती बोल लावते तो परिव्राजिका कौशिकीला, राजाला नाही. तिच्या त्यागाची स्तुतीही कौशिकीच करते. आणि भरतवाक्यात राजा मागतो काय? तर तिने आपल्यावर सदैव प्रसन्न असावे. राग गेला असता तर हे मागावे लागले नसते.

इथे मला प्रभावतीगुप्ता आठवते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांची सून झाली. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायांपाशी दिलेला. त्यात ती माहेरची वंशावळ आणि माहेरचेच गोत्र सांगते, शिवाय राजांची आई म्हणूनही स्वतःची ओळख देते. धारिणीचे बळही मुलाचेच. फरक एवढाच, की प्रभावतीला ते स्वतःच्या नावाने सांगता आले. धारिणीच्या घरात सण साजरा होतो आणि राग तिच्यापाशीच राहतो.