टी-शर्टाचा आहेर होत नाही

टी-शर्टाचा इतिहास मराठीत अधूनमधून लिहिला जातो आणि तो दरवेळी एकाच वाटेने जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाने खलाशांना दिलेले बिनकॉलरचे अंतर्वस्त्र, १९२० मध्ये फिट्झजेराल्डच्या कादंबरीत छापून आलेला शब्द, १९५१ च्या चित्रपटातला घामेजलेला मार्लन ब्रँडो, मग बंडखोर तरुण, मग घोषवाक्ये, मग कंपन्यांची नावे. यातले काही खोटे नाही. पण नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून पाहिले, तर ही गोष्ट आपली वाटत नाही. आपल्याकडे टी-शर्ट घालून कोणी कोणाविरुद्ध बंड केले? माझ्या माहितीत तरी नाही. लेखकांनी दुसऱ्याची वंशावळ आपल्या घरात टांगली, एवढाच माझा आक्षेप आहे.

आपली वंशावळ शब्दांतच दडलेली आहे. टी-शर्टाचा सख्खा भाऊ बनियन. हा शब्द मूळचा ‘वाणिया’, म्हणजे गुजराती वाणी. पोर्तुगिजांच्या तोंडी तो ‘बनियान’ झाला, इंग्रजांनी उचलला आणि हिंदुस्थानी धाटणीच्या सैल झग्याला लावला. सॅम्युअल पेपिस या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६६ साली आपले चित्र काढून घेताना असाच एक हिंदुस्थानी झगा भाड्याने आणून अंगावर घातला होता. म्हणजे जो शब्द आज आपण धोब्याच्या यादीत लिहितो, तो साहेबाच्या दिवाणखान्यात मिरवून, आखूड होत होत घरी परतला. दुसरा शब्द ‘गंजिफ्रॉक’. आमच्या आधीच्या पिढीत तो सर्रास होता, आता ऐकू येत नाही. तो आला गर्न्सी या इंग्लंडजवळच्या बेटावरून. तिथल्या कोळ्यांच्या विणीच्या अंगरख्याला ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणत. वाण्याचा झगा आणि कोळ्याचा अंगरखा आपल्याकडे सदऱ्याखाली एक झाले. सदऱ्याखालचे वस्त्र सदऱ्याशिवाय घालून बाहेर पडणे हा आमच्या गावी बंडखोरीचा नव्हे, गरिबीचा किंवा कामाचा भाग होता. हमाल बनेनवर असे, शेतकरी बंडीवर असे. त्याला पाहून कोणाला ब्रँडो आठवला नाही.

डॉ. गो. स. घुर्ये यांचे भारतीय वेशभूषेवरचे इंग्रजी पुस्तक त्याच १९५१ सालचे. आमच्यासारख्या आपापल्या परीने शिकणाऱ्यांसाठी ते आजही आधाराचे आहे. वेशभूषेच्या अशा अभ्यासातून नेसणे, गुंडाळणे, शिवणे यांचे भेद आपण शिकलो. पण मराठवाड्यातला पुढचा बदल या तिन्हींत बसत नाही, कारण टी-शर्ट नेसत नाहीत आणि मापाने शिवतही नाहीत.

इथे कापडाचे थोडे तांत्रिक सांगितले पाहिजे. मागावरच्या कापडात ताण्याचे धागे उभे आणि बाण्याचे आडवे असतात; ते फारसे ताणत नाही, म्हणून त्याला माप लागते आणि मापाला शिंपी लागतो. होजिअरीचे कापड म्हणजे सुताचे एकात एक अडकवलेले फास. ते ओढले की वाढते, सोडले की आवरते. मराठीत दोन्हींना ‘विणणे’ हेच क्रियापद, त्यामुळे हा फरक आपल्या डोळ्यांआड राहिला. वस्त्र अंगाप्रमाणे ताणू लागले तेव्हा शिंपी मधून गेला. लहान, मध्यम, मोठा, जास्त मोठा एवढ्या चार खुणांत सगळे गाव बसले.

शिंपी गेला हे दुःखाचेच आहे, तो एक कारागीर होता. पण गावात माप घेणे ही निव्वळ कारागिरी नव्हती. माप घ्यायचे तर अंगाला हात लावावा लागतो. काही गावांत महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाचे माप दुरून, नजरेने घेतले जाई, असे मी जुन्या माणसांकडून ऐकले आहे. सदरा मग खांद्यात उतरायचा, नाहीतर काखेत काचायचा, आणि त्या बेढब सदऱ्यावरूनही माणूस ओळखू यायचा. ढिगातून उचललेला टी-शर्ट कोणाच्याही अंगावर सारखाच बसतो. त्याला हात कोणाचे लागले हे कोणी विचारत नाही. आमच्या भागापुरता टी-शर्टाचा पहिला पराक्रम मी हा मानतो. ब्रँडोच्या पराक्रमापेक्षा तो लहान नाही.

दुसरी गोष्ट आहेराची. मराठवाड्यात लग्नात, बारशात, तेराव्याला ‘कपडे करतात’. टॉवेल-टोपी, शर्टपीस, पँटपीस, लुगडे, चोळखण. आहेराचे कापड कोरे लागते, म्हणजे न कापलेले, न शिवलेले. कितीही महाग टी-शर्ट मांडवात जावयाला दिला तर सोयरीक दुरावेल. टी-शर्ट पोराला बाजारातून आणतात, त्याचा आहेर होत नाही. मानपानाच्या हिशेबाबाहेर राहिलेले हे आपल्याकडचे बहुधा पहिले वस्त्र.

पण देण्याघेण्याबाहेर ते फार काळ राहिले नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर, मदतीच्या ट्रकांमधून जुन्या कपड्यांचे ढीग आले. मी तेव्हा विशीत होतो, गाठोडी उतरवायला होतो. धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्यांनी आणि नऊवारी नेसणाऱ्या बायांनी त्या ढिगांकडे पाहून मान फिरवली. पोरांनी मात्र टी-शर्ट उचलले. छातीवर कुठल्या तरी दूरच्या शाळेचे, कुठल्या कंपनीच्या सहलीचे नाव. घर गेलेल्या मुलाच्या छातीवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’. ते वाचायची तेव्हा कोणाला फुरसत नव्हती, मला ते नंतर आठवत राहिले.

पुढच्या तीस वर्षांत फुकट मिळणारा, अक्षरे असलेला टी-शर्ट हाच आमच्याकडचा मुख्य टी-शर्ट झाला. प्रचाराचा, पतसंस्थेचा, बियाण्याच्या कंपनीचा, गणेश मंडळाचा. १४ एप्रिलला निळा, शिवजयंतीला भगवा, २०१६ च्या मूक मोर्चांत ‘एक मराठा लाख मराठा’. यातल्या निळ्याबद्दल मला आदर आहे. ज्यांना नव्या कपड्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी आपण होऊन निवडलेला रंग अंगभर घालणे ही साधी गोष्ट नव्हे. पण एकूण चित्र पाहता, ज्या वस्त्राने कोणाला जात विचारली नाही, त्याच्यावर आपण ती मोठ्या टायपात छापून घेतली. ‘टी-शर्ट म्हणजे स्वतःची अभिव्यक्ती’ हे आयात वाक्य इथे तर साफ कोसळते. छाती आपली आणि मजकूर दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

सरकारलाही या वस्त्राची धास्ती आहे. डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने राज्याच्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट बंद केले आणि शुक्रवारी खादी घालायला सांगितले. काही महिन्यांत जीन्स सुटली, टी-शर्ट अडकून राहिला. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांनाही तो वर्ज्य झाला. यातली खादी आमच्या जवळची. स्वामी रामानंद तीर्थांची परंपरा सांगणारी नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही राष्ट्रध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, आणि तिचे ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यात, उदगीरला विणले जाते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वज पॉलिस्टरचा आणि यंत्रावरचाही चालू लागला. त्याआधी, २००५ मध्ये, कमरेच्या वर ध्वज पेहरावात वापरायला कायद्याने मोकळीक मिळाली होती. मात्र अंतर्वस्त्रावर किंवा कुठल्याही पोशाखाच्या कापडावर तो छापण्याची मनाई कायम आहे. १५ ऑगस्टला चौकाचौकात विकले जाणारे तिरंगी टी-शर्ट या दोन वाक्यांच्या फटीत लटकलेले असतात. टी-शर्ट मुळात अंतर्वस्त्रच होता, हे कोणी न्यायालयात मांडले तर काय होईल, असा खट्याळ विचार माझ्या मनात येतो. आणि कापूस? तो आमच्याच रानातून गाठी होऊन बाहेर जातो. निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल केव्हाच थंडावली.

शेवटी लातूर. अनिरुद्ध जाधव सरांच्या काळात शाहू महाविद्यालयातून नावारूपाला आलेल्या ‘लातूर पॅटर्न’भोवती आज खासगी क्लासचे अख्खे शहर वसले आहे, आणि क्लासचा टी-शर्ट हा त्याचा गणवेश. गावाकडून आलेली मुलगी वसतिगृहात ओढणीशिवाय पहिल्यांदा वावरते ती या टी-शर्टात. तिच्यासाठी त्याची किंमत वेगळी आहे. नीटच्या परीक्षेला पूर्ण बाह्या चालत नाहीत, तेव्हाही तोच कामी येतो. निकालानंतर काय, हे मात्र त्या क्लासच्या फलकावर दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात औसा रस्त्याला एक गृहस्थ सोयाबीनवर फवारा मारत होते. पंप पाठीवर, तोंडाला रुमाल आणि अंगात एका क्लासचा टी-शर्ट; मागे बॅचचे साल आणि ‘भावी डॉक्टर’. मी थांबून विचारले, “मालक, हे काय लिहिलंय पाठीवर?”

“पोराच्या क्लासचं हाय,” ते म्हणाले. “फवाऱ्याला बरं पडतंय.”