‘आजोबा नेव्हीत होते’ : कौटुंबिक कथनातील नौदल-सेवेची चिकित्सा

कुलवृत्तांत हा मराठीतील एक रूढ ग्रंथप्रकार होय. वंशवेल, मूळ गाव, कुलदैवत आणि प्रत्येक व्यक्तीविषयी दोन-चार ओळींची माहिती, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. ह्या माहितीत, विशेषतः कोकणातील घराण्यांच्या बाबतीत, ‘दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते’ अशा आशयाचे वाक्य येते. वाचक ते सहज वाचून पुढे जातो. ह्या एका वाक्याची भाषिक चिकित्सा केली असता त्यातून किती निश्चित माहिती हाती लागते आणि किती झाकली जाते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘नौदल’ हा शब्द घेऊ. तो घरातल्या बोलण्यातला शब्द नव्हे. किनाऱ्यावरील कुटुंबांत ‘आजोबा बोटीवर होते’ हा जुना प्रयोग. ‘नेव्हीत होते’ हा त्यानंतरचा. ‘मर्चंट नेव्ही’ ह्या जोडशब्दाचे पूर्वपद बोलण्यात गळते आणि ‘नेव्ही’ एवढेच उरते. मग वृत्तांताचा संपादक शुद्ध मराठीच्या ओढीने त्याचे ‘नौदल’ असे भाषांतर करतो. ‘बोटीवर’, ‘नेव्हीत’, ‘नौदलात’ ह्या तीन पायऱ्यांत अर्थाचा संकोच होत गेला आहे. पहिल्या प्रयोगात व्यापारी जहाजावरील खलाशी आणि युद्धनौकेवरील नाविक हे दोघेही सामावत होते; तिसऱ्यात केवळ दुसरा उरतो. शब्द बदलताना आपण माणसाचा व्यवसायही बदलला, ह्याची जाणीव लिहिणाऱ्यास बहुधा नसते.

हा भेद क्षुल्लक नाही. ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव १९३४ साली रूढ झाले. त्यापूर्वी ह्या दलास ‘रॉयल इंडियन मरीन’ म्हणत. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा हे दल अगदी लहान होते. युद्धकाळात ते अनेक पटींनी वाढले. तथापि समुद्रावर मरण आलेल्या भारतीयांत बहुसंख्या ह्या दलातील नाविकांची नव्हती. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने मुंबई व चित्तगाव येथील स्मारकासाठी जी नामावली सिद्ध केली, तीत नौदलाची नावे सुमारे ४०० आहेत आणि व्यापारी जहाजांवरील खलाशांची सुमारे ६,०००. संख्येचा हा विचार केला तर, समुद्रात हरवलेल्या आप्ताचा शोध घेणाऱ्याने प्रथम व्यापारी जहाजांकडे वळावे, हे उघड आहे. कुलवृत्तांतातील ‘नौदलात’ हा शब्द त्यास नेमके उलट दिशेला पाठवितो. तो नौदलाच्या कागदांत नाव शोधतो, ते मिळत नाही, आणि घरातील कथाच खोटी असावी असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. कथा खरी असते. भाषांतर चुकलेले असते.

मग हा निर्णय करावयाचा कसा? येथे कुटुंबातील वृद्ध व्यक्तींच्या तोंडी टिकून राहिलेली शब्दसंपत्ती साधन म्हणून उपयोगी पडते. सारंग, टांडेल, सुकाणी, कसब, भंडारी, आगवाला, कोयलावाला ही व्यापारी जहाजांवरील हुद्द्यांची परंपरागत नावे. खलाशांच्या ह्या भाषेत फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि हिंदुस्तानी अशा अनेक भाषांचे थर आहेत. टॉमस रोबक ह्याने १८११ साली तिचा कोश प्रसिद्ध केला, ह्यावरून तिचे स्थैर्य ध्यानात यावे. युद्धनौकेवरील नाविकाच्या बोलण्यात ह्याच जागी लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, स्टोकर, टेलिग्राफिस्ट असे इंग्रजी शब्द येतात. ‘आजोबा तेलवाल्याचे काम करीत आणि सारंगाने त्यांना भरती केले’ असे आजी सांगत असेल, तर त्या एका वाक्यातील पुरावा छापील ‘नौदला’पेक्षा अधिक वजनाचा मानावा. घरातील पत्र्याच्या पेटीत ‘नल्ली’, म्हणजे खलाशाच्या नोकरीची सलग नोंद असलेला दाखला, सापडल्यास प्रश्न मिटतोच. मात्र शब्दांच्या साक्षीलाही मर्यादा आहे. ‘टोपस’ हा सफाईकामगारासाठीचा शब्द दोन्हीकडे चालत होता, आणि जुन्या मरीनच्या काळातील नाविकांच्या तोंडी लष्करी व व्यापारी अशा दोन्ही संज्ञा मिसळलेल्या असणे शक्य आहे. म्हणून एका शब्दावर भिस्त न ठेवता शब्दांचा समूह पाहावा.

दुसरा प्रश्न जहाजाच्या नावाचा. ‘तलवार बोटीवर होते’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोफांची नौका उभी राहते. वस्तुतः ‘तलवार’ ही मुंबईच्या भूमीवरील संदेशवहनाची शाळा होती. नौदलाच्या रीतीनुसार किनाऱ्यावरील संस्थांनाही जहाजांप्रमाणेच नावे दिली जात. कराचीतील ‘बहादूर’, ‘दिलावर’ व ‘हिमालय’ ह्या अशाच शिक्षणसंस्था होत्या. कथनात ‘वर’ हा प्रत्यय आला की श्रोता समुद्राची कल्पना करतो. पण नौदलाच्या परिभाषेत तो प्रत्यय केवळ नेमणूक दर्शवितो. म्हणून एखाद्या नाविकाच्या कागदावर ‘तलवार’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून समुद्रातील लढाई सिद्ध होत नाही. उलट तो समुद्रावर कधी गेलाच नाही असेही सिद्ध होत नाही, कारण शिक्षण संपल्यावर नाविक अन्यत्र पाठविले जात. त्यापुढील नेमणुकीची नोंद शोधावी लागते.

तिसरी अडचण लिपीची, आणि संशोधकाची सर्वांत अधिक फसगत येथेच होते. भरतीच्या वेळी मराठी नाव रोमन अक्षरांत उतरविले जाई. रोमन लिपीच्या नेहमीच्या लेखनात त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे भेद राहत नाहीत आणि स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्वही हरवते. परिणामी गोळे आणि गोले, माळी आणि माली, पाठारे आणि पठारे ही नावे कागदावर एकरूप होतात. ह्याच्या उलट, सावंत किंवा दळवी ह्यांच्यासारखे एकच नाव दोन-तीन वर्णलेखनांनी नोंदलेले असू शकते. त्यात आडनावाचाच प्रश्न येतो : गावात कुळाचे नाव चालते, मुंबईत गावावरून ‘कर’-कारान्त नाव घेतले जाते, आणि कोठे केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव लिहिले जाते. तेव्हा नाव हा शोधाचा आरंभ मानू नये. वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि सेवाक्रमांक ही चार अंगे जुळल्यावरच नावाची ओळख पटली असे म्हणावे. हिंदू कुटुंबांच्या बाबतीत नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या ह्या कामी साहाय्यक ठरतात, कारण तेथे नाव व गाव कुटुंबाच्या स्वतःच्या सांगण्यावरून नोंदलेले असते.

चौथा प्रश्न कालनिर्देशाचा. ‘त्यांची बोट बुडाली’ ह्या वाक्यात साल नसते. ६ एप्रिल १९४२ रोजी अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडविलेली ‘इंडस’ ही युद्धनौका, युद्धात बुडालेली कितीतरी व्यापारी जहाजे, आणि १७ जुलै १९४७ रोजी मुंबईजवळ बुडालेली ‘रामदास’ ही प्रवासी आगबोट ह्या सर्व घटना दोन पिढ्यांनंतरच्या स्मृतीत एकमेकींत मिसळू शकतात. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोटही ह्या मिश्रणात येतो. परंतु ह्याच घटना उलट बाजूने उपयोगीही पडतात. ‘गोदी फुटली तेव्हा आजोबा घरी होते की बाहेर?’ ‘रामदास बुडाली त्या गटारीला पत्र आले होते का?’ असे विचारल्यास सांगणाऱ्याची स्मृती साल न आठवताही क्रम नेमका सांगते. मौखिक कालगणना सनांवर चालत नाही. ती प्रसंगांवर चालते.

पाचवा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वर नाविकांचा उठाव सुरू झाला आणि २३ फेब्रुवारीस तो संपला. स्वातंत्र्यापूर्वी हा सहभाग नोकरीच्या दृष्टीने लांच्छन होते. स्वातंत्र्यानंतर तो भूषण ठरू लागला. ज्या कथेचे सामाजिक मूल्य असे पालटते, तिच्याकडे अभ्यासकाने दुप्पट सावधपणे पाहिले पाहिजे. ‘१९४६ साली नौदलातून कमी झाले’ ही नोंद उठावातील सहभागाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. परंतु युद्ध संपल्यामुळे त्याच सुमारास मोठ्या संख्येने नाविक सेवामुक्त होत होते. पदकांचेही तसेच. युद्धमोहिमांचे तारे व्यापारी खलाशांनाही मिळत असत, त्यामुळे ते पाहून नौदलाची सेवा ठरवता येत नाही. भारतीय सैन्यदलांसाठी असलेले ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ मात्र अधिक बोलके असते. आणि भारतीयांच्या पदकांच्या कडेवर पुष्कळदा नाव व क्रमांक कोरलेला असल्याने ती कड वाचणे हे पहिले काम होय.

अधिकृत इतिहासग्रंथांतून ही उणीव भरून निघेल असे मानण्याचे कारण नाही. कॉलिन्स ह्यांचा रॉयल इंडियन नेव्हीवरील खंड १९६४ साली प्रसिद्ध झाला. तो जहाजांचा, मोहिमांचा आणि दलाच्या संघटनेचा इतिहास आहे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ ह्या लहानशा नौकेने दोन जपानी जहाजांना दिलेली झुंज अशा इतिहासात स्थान मिळविते. तिच्या यंत्रघरात राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव तेथे असावे अशी अपेक्षा करता येत नाही. ते नाव घरातच टिकायचे. म्हणून कौटुंबिक कथन टाकाऊ ठरत नाही. पण ते नोंदविताना त्याचे मूळ शब्द जपणे आवश्यक ठरते.

ह्या विवेचनावरून कुलवृत्तांतांच्या संपादकांना आणि मौखिक सामग्री गोळा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की सांगणाऱ्याने ‘बोटीवर’ म्हटले असेल तर ‘बोटीवर’च लिहावे. अर्थाची छाननी नंतर करता येते. गाळलेला शब्द नंतर परत मिळत नाही. त्या सहा हजार खलाशांपैकी ज्यांच्या घरी ‘नौदल’ हा अधिक मानाचा शब्द लावला गेला असेल, त्यांच्या वाट्याला मान आला खरा, पण स्वतःचा व्यवसाय, स्वतःची भाषा आणि नामावलीतील स्वतःची जागा ही मात्र त्यांनी गमावली. ती त्यांना परत मिळवून देणे हे ह्या चिकित्सेचे प्रयोजन होय.