गेटऑप्ट्स बोलतं, पण थांबवत नाही

स्क्रिप्टला दिलेले पर्याय वाचायला शेलमध्येच एक सोय आहे, गेटऑप्ट्स. १९९२च्या पॉझिक्स मानकात ती आली, त्यामुळे बॅश असो की कॉर्न शेल, ती मिळतेच. आज तिची जरा परीक्षा घेऊ.

आधी श्रेय देऊ. जुनी गेटऑप्ट ही आज्ञा सगळे शब्द एका ओळीत गोळा करून परत द्यायची. फाइलच्या नावात मोकळी जागा असली की एका नावाची दोन व्हायची. लिनक्सवरच्या नव्या गेटऑप्टमध्ये यावर उपाय आहे, पण ती सगळीकडे नसते. गेटऑप्ट्स एकेक पर्याय हातात देतं, त्यामुळे ही भानगडच नाही.

आता आक्षेप. समजा, एका फोल्डरमधल्या जुन्या फाइली पुसणारी स्क्रिप्ट आहे. डॅश एन दिलं की ती नुसती यादी दाखवते, पुसत काही नाही. कुणी आधी फोल्डरचं नाव लिहिलं आणि डॅश एन मागाहून. लिनक्सवरच्या रोजच्या बऱ्याच आज्ञांना हे चालतं, म्हणून हाताला सवय तीच. गेटऑप्ट्स मात्र पर्याय नसलेला पहिला शब्द दिसला की थांबतं. डॅश एन तसाच पडून राहतो, आणि ज्याला फक्त पाहायचं होतं त्याच्या फाइली खरंच जातात. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

कुणी म्हणेल, पर्याय आधी हा नियम मानकातच आहे. आहे ना! पण नियम मोडल्यावर गप्प बसणं, हा कसला पहारेकरी?

दुसरा आक्षेप याच्या उलट. डॅश एनऐवजी चुकून डॅश एम दाबलं, तर गेटऑप्ट्स तक्रार छापतं, पण स्क्रिप्ट पुढे चालूच राहते. केसमधल्या प्रश्नचिन्हाच्या फांदीत एक्झिट लिहायचं काम आपलं. ते राहिलं, तर वर तक्रार आणि खाली पुसणं चालू!

मग गेटऑप्ट्स टाकून द्यायचं का? मी म्हणेन, नाही. एक्झिट लिहा. ऑप्टइंडमधून एक वजा करून तेवढं शिफ्ट करा आणि उरलेले शब्द मोजा. फोल्डर एकच हवं असताना दोन शब्द आले, तर तिथेच थांबा. नावं पुढे देताना "$@" अवतरणांसकट लिहा, आणि आरएमला नावांआधी डबल डॅश द्या, म्हणजे डॅशने सुरू होणारं फाइलचं नाव पर्याय ठरणार नाही.

पण खरा दोष आपल्या मांडणीत आहे. सुरक्षितपणा पर्यायावर टांगला की पर्याय हरवताच तोही हरवतो. उलट करा. पर्याय नसेल तेव्हा स्क्रिप्टने नुसती यादी दाखवावी. पुसायचं असेल तर तसं मागावं लागावं. मग पर्याय चुकला, तर फार तर काम होणार नाही, आणि ते पुन्हा करता येतं.