अपांक्तेयांची पंगत

काशीच्या विद्वत्परंपरेत वाढलेल्या नीलकंठशास्त्री गोरे ह्यांचा विचार बहुधा खंडनमंडनाच्या अंगानेच होतो. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा हा चित्पावन पंडित १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या होतो आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ ह्या हिंदी ग्रंथात हिंदू दर्शनांचेच खंडन करतो, हे नाट्य अभ्यासकांना आकर्षक वाटावे ह्यात नवल नाही. परंतु त्यांच्या ग्रंथांची भाषा निश्चयाची असली, तरी जीवन शंकेने व्यापलेले होते. काउलीच्या संन्यस्त मंडळात ते उमेदवार राहिले. अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. अशा साशंक मनुष्याला प्रभुभोजनाच्या मेजावर स्थान कोणत्या अधिकाराने मिळते, हा प्रश्न त्यांच्या युक्तिवादांहून अधिक मूलगामी आहे.

गोरे ज्या संस्कारांतून आले, त्यांत पंक्तीचे शास्त्र सुनिश्चित होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीस कोण अपात्र आणि कोणाच्या उपस्थितीने ती पावन होते, ह्याची तपशीलवार गणना आहे. तेथे भोजनाची शुद्धी भोक्त्याच्या योग्यतेवर अवलंबून असते. १८७० मध्ये याजकपद मिळाल्यावर गोऱ्यांच्या हाती आलेल्या आंग्ल मंडळीच्या उपासनाग्रंथात हा क्रम नेमका उलटतो. भोजनापूर्वीच्या प्रार्थनेत स्वतः याजकच मेजाखालचे कण वेचण्याचीही आपली योग्यता नसल्याचे कबूल करतो. पंक्तिपावन एकच, तो यजमान. बाकीचे सारे अपांक्तेय.

ह्यावर पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन आक्षेप घेतला जातो, की अयोग्य रीतीने भोजन करणाऱ्यास तेथे दोषी ठरविले आहे. पण तेथील शब्द रीतीविषयी आहे, व्यक्तीविषयी नाही. आणि ती रीत कोणती, हे संदर्भ सांगतो. संपन्न लोक आधी जेवत आणि दरिद्री उपाशी राहत, हाच तो अपराध. म्हणजे जे वचन पापी मनुष्यास दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले जाते, ते वस्तुतः इतरांना वगळणाऱ्यांच्याच विरुद्ध आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर विश्वासघातक्याचा हात त्याच मेजावर आहे, आणि पेत्राच्या नाकाराचे भाकीतही तेथेच होते.

ख्रिस्ती मंडळीने हे तत्त्व सर्वत्र आचरिले, असे मात्र म्हणता येणार नाही. दक्षिणेतील मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळीही जातिभेद पाळला जाई. बिशप डॅनियल विल्सन ह्यांना १८३३ साली त्याविरुद्ध आज्ञा काढावी लागली. पंक्तिभेद धर्मांतराने आपोआप नाहीसा होत नाही.

म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे मोल वेगळे. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही स्त्री बाप्तिस्म्यापूर्वीच सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय करते. सिद्धांत मागून येतो, घास आधी. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही स्थान होते, त्यामागेही हीच दृष्टी दिसते. गोऱ्यांच्या वादग्रंथांत ख्रिस्ती श्रद्धा सिद्ध होते; लक्ष्मीबाईंच्या गद्यात ती पंगतीला बसते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे मूल्यमापन करताना त्यातील युक्तिवाद किती बिनतोड आहे ह्यापेक्षा, त्याच्या पानावर कोणाला जागा मिळाली आहे, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.