सागरदुर्गांची वर्णने आणि दूरचा वाचक

प्रवासवर्णन कोणासाठी लिहावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ज्याने स्थळ पाहिले आहे त्याला वर्णनाची फारशी गरज नसते. ज्याने पाहिलेले नाही त्याला ‘अवर्णनीय’ या विशेषणातून काहीच मिळत नाही. कोकणच्या किनाऱ्याने मोटारीतून जाऊन खडकाळ बेटांचे दर्शन घेणाऱ्यांची अलीकडील वर्णने वाचताना हा विचार वारंवार मनात येतो. नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्यासारख्या, समुद्रापासून दूरच्या गावी बसून कोणी ती वाचू लागला, तर त्याच्या पदरी काय पडेल?

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्यायाचे होय. या लेखनात रस्ता बहुधा चांगला उतरतो. वेसवी–बागमांडले किंवा दाभोळ–धोपावे येथे मोटारच तरीवर चढवून खाडी ओलांडण्याचा प्रसंग आला, की लेखकाला थांबावे लागते आणि थांबल्यामुळेच त्याला दिसू लागते. परंतु होडी हर्णैहून सुवर्णदुर्गाकडे वा मालवणहून सिंधुदुर्गाकडे निघाली, की लेखणी अलंकारांच्या आहारी जाते. तट ‘अभेद्य’, लाटा ‘रौद्र’, सूर्यास्त ‘सुवर्णमय’! नावे बदलतात, बेट मात्र एकच राहते.

अशा वेळी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण होते. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा राजनीतीचा ग्रंथ प्रवासवर्णन नव्हे. तरी दुर्ग कसा पाहावा, हे त्याच्यापासून शिकण्याजोगे आहे. स्थळ निवडताना आधी पाणी पाहावे, ते नसल्यास खडक फोडून टाकी बांधावीत, असे तो बजावतो. आरमारास लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंब्याफणसास हात लावू नये. एखादे जीर्ण झाड न्यावयाचेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे, असेही सांगतो. दगडामागचा माणूस त्याच्या दृष्टीआड होत नाही.

हीच दृष्टी सिंधुदुर्गास लावून पाहावी. १६६४ साली कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला गेला. त्याचा तट सुमारे ३ किलोमीटर लांब आहे. पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. विहिरीला पाणी लागण्याची वाट ज्याने पाहिली आहे, त्या खानदेशी शेतकऱ्यास चहूकडे खारे पाणी असता मधल्या खडकात गोडे पाणी लाभावे, याचे नवल सूर्यास्ताहून अधिक वाटेल. समुद्र न पाहिलेल्या वाचकाला बेटावर नेणारी वाट ही अशी त्याच्याच अनुभवातून जाते.

प्रवासलेखक हा स्थापत्यकार नव्हे, त्याने आनंदच द्यावा, असा आक्षेप कोणी घेईल. आनंदास आमचा विरोध नाही. मात्र तो तपशिलातून यावा. वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात आणि परदेशी व्यापारासाठी ती चोरलीही गेली आहेत. एवढे कळल्यावर त्या काळ्या खडकांना निराळे विशेषण जोडावे लागत नाही.

२०२५ साली खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांसह १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांच्यावर लिहिणारे आता वाढतील. त्यांनी होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी रनाळ्याच्या वाचकाचे एकदा स्मरण करावे आणि बेटावर उतरताच आधी पाणी कोठे आहे, ते विचारावे.