एकट्या वाचकासाठी लिहिलेले गद्य

भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची समीक्षा साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. कादंबरीतील पात्रे, कवितेतील प्रतिमा, ललित गद्याचे सौष्ठव यांवर आपण येथे विपुल लिहितो. परंतु आपल्या घरांतील सोळा-सतरा वर्षांची मुले ज्या पुस्तकांसमोर दोन-दोन वर्षे बसतात, त्यांचे गद्य कसे आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्याला शिकवणीवर्गाची फी परवडते त्याच्या दृष्टीने पुस्तक हे दुय्यम साधन होय. ज्याला परवडत नाही त्याला पुस्तकाची भाषा हाच शिक्षक. म्हणून हा प्रश्न आम्हांस साहित्याचाच वाटतो.

आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी स्वतःच्या बळावर करणारे विद्यार्थी ज्या ग्रंथाचे नाव आवर्जून घेतात, तो म्हणजे हरिश्चंद्र वर्मा यांचा 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'. पाटण्याच्या भारती भवनाने तो १९९२ साली प्रकाशित केला. वर्मा आधी पाटण्याच्या सायन्स कॉलेजात आणि पुढे कानपूरच्या आयआयटीत अध्यापक होते. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दोन खंड, सत्तेचाळीस प्रकरणे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उदाहरणांची रास. बाह्यरूप अगदी रुक्ष. पण पाचवे प्रकरण उघडावे.

न्यूटनच्या नियमांच्या या प्रकरणात घोडा आणि गाडी यांविषयी एक छोटासा परिच्छेद आहे. घोडा गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतो, तितक्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते, असे तिसरा नियम सांगतो. मग गाडी हलते तरी कशी? ही शंका प्रत्येक विचारी मुलाला येते, आणि वर्गात ती विचारण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. वर्मा ती शंका स्वतःच उपस्थित करतात, तीही पूर्ण ताकदीनिशी, आणि मगच उत्तराकडे वळतात. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी मांडण्याची जी रीत आहे, किंवा संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथात आक्षेप आधी व उत्तर नंतर येते, तीच ही पद्धत. समोर नसलेल्या विद्यार्थ्याचा हात वर झालेला लेखकाला दिसला आहे.

उत्तरही पाहण्यासारखे आहे. ही दोन बले परस्परांना रद्द करीत नाहीत, कारण ती एकाच वस्तूवर नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरे घोड्यावर. आता फक्त घोड्याकडे पाहा. तो खुरांनी रस्त्याला मागे रेटतो आणि रस्ता त्याला पुढे रेटतो. रस्त्याचे हे रेटणे गाडीच्या मागे ओढण्याहून अधिक झाले की घोडा निघाला. मग फक्त गाडीकडे पाहा, आणि तोच हिशेब पुन्हा करा. याच्या थोडे आधी लेखकाने चार पायऱ्या सांगितल्या आहेत : कोणत्या वस्तूचा विचार करावयाचा ते ठरवा, इतरांनी तिच्यावर लावलेली बले शोधा, त्यांची आकृती काढा, नंतर अक्ष निवडून समीकरणे लिहा. यातील पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे शुद्ध व्याकरण आहे. सेमिनरीत लॅटिन वाक्य सोडविताना आधी क्रियापद गाठावे, मग त्याचा कर्ता शोधावा, असे आम्हांस शिकविले होते. कोण कोणावर क्रिया करतो हे पक्के झाल्याविना अर्थाला हात घालू नये, ही ती शिस्त. वर्मांच्या गद्याची खरी ताकद येथे आहे. ते सूत्र देण्याची घाई करीत नाहीत.

उदाहरणांतही हा स्वभाव उतरला आहे. नवव्या प्रकरणात एक बग्गी आहे : वजन २०० किलो, वेग ताशी १० किलोमीटर. ताशी ४ किलोमीटरने चालणारा २५ किलो वजनाचा एक शाळकरी मुलगा तिच्या मागच्या फळीवर बसतो. बग्गीचा नवा वेग किती? उत्तर ताशी नऊ पूर्णांक एक तृतीयांश किलोमीटर येते. पुस्तकाची भाषा इंग्रजी, पण रस्ता आपल्या ओळखीचा. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने आपल्याकडे पोहोचविलेला इरोदोव यांचा उदाहरणसंग्रह याच्या शेजारी ठेवला तर अंतर कळते. तेथे मोजकी सूत्रे आणि मग दोन हजारांच्या आसपास उदाहरणे. बुद्धीला तो खरा व्यायाम. पण त्या पुस्तकाला वाचकाची चाहूल लागत नाही. एकट्याने सुरुवात करणाऱ्या मुलाच्या हाती ते प्रथम देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याहून कोरडे पुस्तकही एका मुलाला पुरले, हे खरे. रामानुजनना सोळाव्या वर्षाच्या सुमारास मिळालेला कार यांचा 'सिनॉप्सिस' म्हणजे हजारो सिद्धान्तांची जंत्री. गंमत अशी, की कार हे लंडनमध्ये परीक्षार्थींच्या शिकवण्या घेत आणि ग्रंथ त्याच कामातून निपजला. सिद्धता जवळजवळ नाहीत, म्हणून त्या रामानुजननी स्वतः रचल्या, कॉलेजच्या एफ. ए. परीक्षेत मात्र ते अनुत्तीर्णच झाले. अपवादावरून शिक्षणक्रम आखता येत नाही.

वर्मांच्या पुस्तकात सरावाच्या उदाहरणांची उत्तरे आहेत, रीत नाही. हे मौन लेखकाने जाणून राखलेले आहे. उत्तर जुळले नाही की मुलाने मागे जावे, आकृती पुन्हा काढावी, एखादे बल निसटले काय ते पाहावे. बाजाराला हे मौन सोसत नाही. प्रत्येक उदाहरण सोडवून दाखविणारे उत्तरसंग्रह निघाले आणि आता मोबाइलवर चित्रफितीही सहज सापडतात. कवितेच्या प्रत्येक ओळीखाली अर्थ छापावा, तसे हे झाले.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे, जरी तिचा दोष पुस्तकाकडे जात नाही. जेईई मेन्समध्ये तीन तासांत पंचाहत्तर प्रश्न. एकास अडीच मिनिटेही नाहीत, आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. ज्या ग्रंथाने एका आकृतीपाशी तासभर बसण्याची सवय लावली, तो हा वेग शिकवीत नाही. त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविण्यावाचून गत्यंतर नाही, आणि स्वाध्यायी मुलाला हे वेळीच सांगणारे कोणी नसते. वेगाचे शिक्षण ज्या कोटा शहरात विकत मिळते, तेथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश प्रशासनाला काढावा लागला. तो कशासाठी, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या भाषेकडे येऊ. २०२१ पासून जेईई मेन्सची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत मिळते व त्यांत मराठी आहे. या घटनेचे स्वागत झाले, ते योग्यच. पण भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच प्रमाण, असा नियम आहे. आणि पुढची अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षा, जिच्यावाचून आयआयटीतील अभियांत्रिकीचे दार सहसा उघडत नाही, ती इंग्रजी व हिंदीतच होते. वर्मांच्या ग्रंथाचे हिंदी रूपही उपलब्ध आहे. मराठीत प्रश्नपत्रिका आली, परंतु त्या प्रश्नांपर्यंत एकट्या मुलाला नेईल असे या तोडीचे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. नववीत 'गतीचे नियम' मराठीतून शिकलेले मूल अकरावीत बहुधा इंग्रजी पुस्तकासमोर बसते. जडत्व या शब्दातील जडपणा त्याला आतून कळत होता. 'इनर्शिया' त्याला पाठ करावा लागतो. बुद्धी तीच, पण वर्षातील पहिले काही महिने शब्दांशी झुंजण्यात जातात.

मराठीत हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही. घोड्याच्या जागी बैल घ्यावा, जू घ्यावे, चिखलात रुतलेले चाक घ्यावे. बैल जमिनीला मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. चिखलात त्याचा पाय सरकतो, कारण तेथे जमीन पुरेसे रेटू शकत नाही. घर्षणाचे अर्धे प्रकरण एवढ्यात आले. आमच्या वाचकांत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत. त्यांपैकी कोणी न्यूटनच्या नियमांवरील एक प्रकरण, शंका आधी व उत्तर नंतर या रीतीने, मराठीत लिहून पाठविल्यास ते या त्रैमासिकात क्रमशः छापले जावे, अशी विनंती आम्ही संपादकांना केली आहे.