‘महारोग’, ‘कुष्ठ’ आणि ‘निर्मूलन’ : एका रोगवाचक परिभाषेची चिकित्सा

रोगांची नावे ही सामान्यतः वैद्यकाच्या कक्षेतील बाब मानली जाते. भाषाभ्यासकाने तिच्यात लक्ष घातलेच, तर ते व्युत्पत्तीपुरते मर्यादित राहावे, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. परंतु काही रोग असे आहेत की, ज्यांचे नाव हाच रोगाच्या इतिहासाचा एक भाग होऊन बसला आहे. कुष्ठरोग हे त्याचे ठळक उदाहरण होय. या रोगाने हातपाय जितके गेले, त्याहून अधिक माणसे त्याच्या नावामुळे घराबाहेर गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रस्तुत लेखात मराठीतील कुष्ठरोगविषयक शब्दसमूह, आरोग्यविषयक पत्रकांची भाषा आणि कायद्यांची परिभाषा यांची तपासणी करावयाचे योजिले आहे. शब्द बदलले की समाज बदलतो, हे येथे गृहीत धरलेले नाही. तसेच शब्द हे केवळ वरचे आवरण असते, हेही आम्हांस मान्य नाही. या दोहोंच्या मधली जागा नेमकी कोठे आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

१. नावांचा गुंता

संस्कृत वैद्यकात ‘कुष्ठ’ हे एका रोगाचे नाव नव्हे. ती एक जात आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे होत. आज ज्यास आपण सामान्य त्वचारोग म्हणू, त्यांतील कित्येकांचा समावेश या यादीत होतो. ‘श्वित्र’ म्हणजे अंगावर पांढरे डाग पडणे ही अवस्था मात्र वेगळ्या नावाने ओळखली जात असे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहसंबंधासाठी वर्ज्य कुळांची जी गणना आहे, तीतही श्वित्री व कुष्ठी यांचा उल्लेख स्वतंत्रपणे आला आहे. दोघांनाही वर्ज्य ठरविले हे खरे; पण दोघांना एक मानले नाही.

मराठीत येईतो ही विभागणी विस्कटली. ‘कुष्ठ’ या शब्दाची प्राकृतात ‘कुट्ठ’ व ‘कोढ’ अशी रूपे आढळतात. हिंदीत त्याचा ‘कोढ़’ झाला आणि तो मूळ रोगाचाच वाचक राहिला. मराठीत ‘कोड’ झाला, आणि आज प्रमाण मराठीत त्याचा अर्थ प्राधान्याने पांढरे डाग असा आहे. म्हणजे ‘कोड’ या शब्दाचे रूप कुष्ठाकडून आले व अर्थ श्वित्राचा आला. याचा सामाजिक परिणाम उपेक्षणीय नाही. ज्या अवस्थेत जंतू नाही, संसर्ग नाही व संवेदनाही नष्ट होत नाही, ती अवस्था असलेल्या मुलीच्या विवाहाच्या वेळी जी कुजबूज होते, तिच्यामागे या दोन रोगांची जुनी सरमिसळ उभी असते. शब्दाने ती निर्माण केली असे म्हणता येणार नाही. मात्र ती जिवंत ठेवण्यास शब्दाचा हातभार लागला आहे.

दुसरा शब्द ‘रक्तपिती’. आयुर्वेदातील ‘रक्तपित्त’ म्हणजे रक्तस्रावाचा विकार. मराठी लोकभाषेत तोच शब्द ‘रगतपिती’ होऊन कुष्ठाचा वाचक बनला. एका रोगाचे नाव दुसऱ्याने बळकावल्याचे हे आणखी एक उदाहरण होय. तिसरा शब्द ‘महारोग’. यात रोगाचे लक्षण नाही, कारण नाही, स्थानही नाही. आहे ते केवळ भय. विशेष हे की, ‘महा’ या उपपदाने रोगाचा मोठेपणा सांगितला, तरी ‘महारोगी’ या साधित शब्दाने माणसाचे सर्वस्वच त्या मोठेपणात बुडवून टाकले. ‘ग्रस्त’ व ‘पीडित’ ही उत्तरपदे सौम्य वाटतात खरी. पण ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, हा ग्रहणाच्या संदर्भातील मूळ अर्थ ध्यानात घेतला, तर माणूस येथेही रोगाच्या पोटातच राहतो.

या संदर्भात विदर्भातील संस्थांची नावे अभ्यसनीय आहेत. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा समिती’ असे आहे. परंतु तिने जी वसाहत उभारली तिचे नाव ‘आनंदवन’. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी उभारलेल्या वसाहतीस ‘तपोवन’ म्हणतात. नोंदणीच्या कागदावर रोगाचे नाव राहिले. जेथे माणसे राहावयाची होती, त्या भूमीला मात्र रोगाचे नाव दिले गेले नाही. पत्ता सांगताना रोग सांगावा लागू नये, ही साधी सोय या नामकरणाने साधली. परिभाषा समित्यांच्या चर्चेतून क्वचितच निष्पन्न होणारे शहाणपण येथे व्यवहारातून आले आहे.

२. ‘न दुखणारे दुखणे’

शब्दांच्या कलंकापेक्षाही अधिक गंभीर प्रश्न पत्रकांच्या भाषेचा आहे. कुष्ठरोगाचे जंतू हॅन्सन याने १८७३ साली नॉर्वेत शोधून काढले. ते त्वचा व परिघीय मज्जातंतू यांवर आघात करतात. त्यामुळे फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो आणि त्या ठिकाणची संवेदना कमी होते. रोगाचे पहिले लक्षण दुखणे हे नसून न दुखणे हे आहे.

येथे मराठीची एक अडचण उपस्थित होते. आपल्या भाषेत आजारीपणास ‘दुखणे’ म्हणतात व आजारी माणसास ‘दुखणाईत’. ‘आजार’ हा फार्सी शब्दही मूळचा पीडा, यातना या अर्थाचा. ‘रोग’ व ‘रुग्ण’ हे दोन्ही ज्या धातूपासून आले, त्यापासूनच वेदनावाचक ‘रुजा’ हा शब्द सिद्ध होतो. आजारीपण व्यक्त करणारे आपले प्रमुख शब्द असे वेदनेच्या मुळावर उभे आहेत. मग ज्या चट्ट्यास खाज नाही, ठणका नाही, तो घेऊन शेतमजूर स्त्री एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात कोणत्या शब्दाने तक्रार सांगणार? ‘काय दुखते?’ हा वैद्याचा पहिला प्रश्नच तिला निरुत्तर करणारा आहे.

हा युक्तिवाद ताणता कामा नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्या भाषांत आजारासाठी वेदनावाचक शब्द नाही, त्या भाषा बोलणारेही या रोगात उशिराच येतात. कारण वेदनेचा अभाव हीच मुळात माणसाला निष्काळजी करणारी गोष्ट आहे. त्यावर मजुरीचा व अंतराचा भार पडतो तो निराळाच. तेव्हा भाषा हे विलंबाचे कारण नव्हे. मात्र विलंब टाळण्याचे साधन व्हावयाचे असेल, तर पत्रकाने भाषेच्या या प्रवृत्तीविरुद्ध जाणीवपूर्वक लिहावयास हवे. ‘संवेदनाहीन चट्टा आढळल्यास तपासणी करून घ्यावी’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ज्याच्यासाठी ते लिहिले, त्याच्या दृष्टीने ते मुके आहे. ‘अंगावरचा डाग दुखत नाही, खाजत नाही, चिमटा घेतला तरी कळत नाही, म्हणूनच तो दाखवा’ या वाक्यात सारा भार ‘म्हणूनच’ या एका शब्दावर आहे. ‘दुखत नाही, म्हणून दाखवले नाही’ या नेहमीच्या तर्काला तो शब्द उलटा फिरवतो.

‘झडणे’ या क्रियापदाची कथाही अशीच आहे. ‘बोटे झडली’ असे आपण सर्रास म्हणतो; ‘हात झडोत’ हा तर शापच. पाने झडतात तेव्हा झाडाला काही करता येत नाही. ऋतू आला की ती गळतात. कुष्ठरोगात बोटे अशी गळून पडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चूल, विळा, काटा, घट्ट वहाण यांनी झालेल्या जखमा कळत नाहीत. त्या चिघळतात, पुनःपुन्हा होतात, हाडांची झीज होते आणि बोटे आखूड होत जातात. या साखळीतील जवळजवळ प्रत्येक दुवा तोडता येण्यासारखा आहे. रोज हातपाय पाहणे, भिजवून तेल लावणे, मऊ तळाची पादत्राणे वापरणे, गरम भांडे फडक्याने धरणे, इतके साधे ते उपाय आहेत. ‘झडणे’ या अकर्मक क्रियापदाने ही संपूर्ण साखळी पुसून टाकली व तिच्या जागी दैव आणून बसविले. पत्रककारांनी हे क्रियापद वर्ज्य करावे, अशी आमची सूचना आहे.

३. ‘असाध्य’ आणि ‘मुक्त’

कायद्याची भाषा लोकभाषेहून काटेकोर असते, अशी समजूत आहे. या विषयात मात्र ती समजूत टिकत नाही. १८९८ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या नावातच रोगी माणसाचा निर्देश केवळ रोगाच्या नावाने केलेला होता. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. वास्तविक १९४८ सालीच हवाना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने माणसाला रोगाच्या नावाने संबोधणारा तो इंग्रजी शब्द टाकून द्यावा, असा ठराव केला होता.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात उग्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण मानले होते. १९५५ साली ‘असाध्य’ या शब्दास काही आधार होता, असे म्हणता येईल. डॅप्सोन हे औषध उपलब्ध होते, पण उपचार दीर्घकाळ चालत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधांचा एकत्रित उपचार शिफारसिला. त्यानंतर सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला, आणि उपचार सुरू होताच अल्पावधीत संसर्गक्षमताही नाहीशी होऊ लागली. वैद्यकात ‘असाध्य’ हा शब्द निरर्थक झाला; कायद्यात तो तसाच राहिला. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात ही विसंगती दाखविली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने विवाहविषयक कायद्यांतून हे कारण वगळण्यात आले. मधल्या सदतीस-अडतीस वर्षांत एका विशेषणाच्या बळावर स्त्रीपुरुषांना घराबाहेर काढण्याची सोय कायदेशीरपणे उपलब्ध होती. नवऱ्याचे घर गेल्यावर स्वतःचे उत्पन्न नसलेल्या स्त्रीचे काय होते, हे सांगावयास नको.

२०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कविषयक कायद्याने बऱ्या झालेल्या परंतु संवेदना गमावलेल्या वा विकृती राहिलेल्या व्यक्तींचा वेगळा वर्ग केला. सवलती मिळण्याच्या दृष्टीने ते इष्टच झाले. तथापि ‘कुष्ठमुक्त’ हा जो शब्द त्यातून व्यवहारात रुळला, तो विचार करण्याजोगा आहे. विषमज्वरातून उठलेल्या माणसास आपण जन्मभर ‘विषमज्वरमुक्त’ म्हणत नाही. ‘मुक्त’ हे कृदंत येथे मुक्ती सांगत नाही. ते बंधनाची आठवण कायम ठेवते. कार्यालयीन दाखल्यात अपंगत्वाचे स्वरूप लिहावे, पूर्वीच्या रोगाचे नाव व्यक्तीच्या ओळखीत गोवू नये, एवढी शिस्त पाळणे कठीण नाही.

४. ‘निर्मूलन’ म्हणजे काय?

सर्वांत अधिक हानी मात्र एका निर्दोष दिसणाऱ्या शब्दाने केली आहे. १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने सार्वजनिक आरोग्याची समस्या या नात्याने कुष्ठरोग दूर करण्याचे ध्येय ठरविले. दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्ण एकाहून कमी, ही त्याची कसोटी होती. रोग समूळ नाहीसा होणे ही कल्पना याहून सर्वस्वी भिन्न. इंग्रजीत या दोन कल्पनांसाठी दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘निर्मूलन’ हा एकच शब्द योजला गेला. आणि मुळासकट उपटणे हाच त्याचा अर्थ मराठी वाचकाच्या मनात ठसलेला आहे.

भारताने २००५ च्या डिसेंबरात ही कसोटी पार केली. ‘कुष्ठरोगाचे निर्मूलन झाले’ असा त्याचा अनुवाद झाला. कसोटीचे स्वरूप मात्र दुर्लक्षित राहिले. ती उपचाराखालील रुग्णांची संख्या मोजते. उपचाराचा काळ चोवीस महिन्यांवरून बारावर आणला की, नवे रुग्ण तितकेच राहूनही ही संख्या घटते. नव्या रुग्णांचे आकडे तर अधिक बोलके आहेत. २००४ साली भारतात सुमारे २ लाख ६० हजार नवे रुग्ण आढळले; २००५ साली सुमारे १ लाख ६१ हजार. ज्या रोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेक वर्षे लोटतात, तो रोग एका वर्षात इतका घटू शकत नाही. घटला असेल तो शोध. दारोदार तपासणीच्या मोहिमा मंदावल्या, स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, आणि पुढे २०१६ साली शोधमोहीम नव्याने सुरू करावी लागली. आजही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात आढळतात. त्यांची वार्षिक संख्या एक लाखाच्या आसपास आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे त्याची साक्ष देतात.

या धोरणाचा सर्व दोष एका अनुवादित शब्दावर टाकणे अन्यायाचे होईल. निर्णय अन्यत्र झाले, त्यांची कारणे आर्थिक व प्रशासकीय होती. परंतु ज्या शब्दाने ‘संपले’ असे सांगितले, त्याने निधी मागणाऱ्याचे तोंड बंद केले व रुग्णाचा संशय मिटवून टाकला, हे नाकारता येणार नाही. ‘प्रमाण-नियंत्रण’ किंवा ‘प्रादुर्भाव-मर्यादा’ यांसारखा रूक्ष शब्द योजला असता, तर समारंभ कमी झाले असते. गैरसमजही कमी झाला असता.

५. उपसंहार

नाव बदलणे हा उपाय कितपत पुरा पडतो, याची परीक्षा अन्यत्र झाली आहे. ब्राझीलने १९९५ च्या कायद्याने सरकारी व्यवहारातून रोगाचे जुने नाव काढून टाकले व हॅन्सनच्या नावावरून नवे नाव रूढ केले. तरी नव्या रुग्णांच्या संख्येत तो देश भारताच्या खालोखालच राहिला. म्हणून ‘महारोग’ टाकून ‘कुष्ठ’ व ‘कुष्ठ’ टाकून ‘हॅन्सन’ अशी केवळ पाट्यांची अदलाबदल करण्यात आम्हांस फारसे स्वारस्य वाटत नाही. नवे नाव जुना कलंक अल्पावधीत आत्मसात करते.

ज्या शब्दांनी कृती अडते, ते शब्द बदलणे अधिक निकडीचे आहे. ‘झडणे’ काळजीला अडवते, ‘असाध्य’ने न्यायाला अडविले, ‘निर्मूलन’ने शोधाला. परिभाषेची कसोटी व्युत्पत्तीची शुद्धता ही नसून, तिच्यामुळे शेवटचा माणूस दवाखान्याच्या दाराशी लवकर पोहोचतो की उशिरा, ही असावयास हवी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यांतील आरोग्यपत्रके, दाखल्यांचे नमुने व ग्रामपंचायतींच्या सूचना जमवून त्यांतील क्रियापदांचा जरी पद्धतशीर अभ्यास केला, तरी या विभागाच्या हातून एक उपयुक्त काम होईल. बोलीभाषांतील नोंदींची त्यास जोड मिळावी. कारण ‘तिथे कळत नाही’ हे गडचिरोलीची गोंडी भाषक स्त्री कोणत्या शब्दांत सांगते, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यासाठी लिहिलेले कोणतेही मराठी पत्रक पुरे ठरणार नाही.